देवी काढणार हाये!

माझ्या तोंडावर देवीचे व्रण आहेत. हनुवटीपासून कपाळापर्यंत बोट ठेवायला साफ जागा नाही. मी सहा वर्षांची असताना अकोल्याला आमच्या गल्लीत टोचणीवाला आला होता. त्या दिवशी मला ताप होता म्हणून मला तेवढं सोडून दिलं, आणि दोन महिन्यांनी मला देवी आल्या. खाजवू नये म्हणून आईनं माझे दोन्ही हात लुगड्याच्या चिंध्यांनी खाटेला बांधले. मी चिंध्या दातांनी तोडल्या आणि तोंड ओरबाडून काढलं. आईनं मला मारलं आणि मारता मारता स्वतःच रडायला लागली. तेव्हापासून माझी जीभ तिखट झाली असं घरचे म्हणत. मला वाटतं ती आधीपासूनच तिखट होती, आता फक्त तिला कारण मिळालं.

सातवी झाले आणि मला भातकुलीच्या बाजूच्या एका गावात दिलं. काळी जमीन, चार बैल, घरात नवरा आणि सासू. व्रणांची पोरगी एवढ्या चांगल्या घरात कशी पडली, याचं उत्तर सासूनं पहिल्याच दिवशी दिलं. तिनं माझ्या गालांवरून बोटं फिरवली आणि तीच बोटं स्वतःच्या कपाळाला लावली. "मायनं हात फिरवला हिच्यावर," ती म्हणाली. त्या गावात या दुखण्याला कुणी देवी म्हणत नसे. दुखण्याला म्हणायचं माय. माय आली, माय बसली, माय गेली. देवी म्हणजे शिवेवरच्या निंबाखाली शेंदूर माखून बसलेली, ती एकटीच. अकोल्यात टोचून घेण्याला आम्ही सरसकट 'देवी काढणं' म्हणायचो, आणि त्यात कुणाला काही वेगळं वाटायचं नाही. इथे तो शब्दच नव्हता. पुढचं सगळं रक्त या एवढ्याशा फरकापायी सांडलं.

लग्नाला चार वर्षं झाल्यावर मला मुलगी झाली. मी तिचं तोंड दिवसातून दहादा बघायची. गाल, कपाळ, नाकाचा शेंडा, सगळं कसं गुळगुळीत. माझ्या पोटी एवढं साफ तोंड आलं याचंच मला नवल वाटायचं, आणि ते तसंच राहावं यापलीकडे मला काही नको होतं. ती आठ महिन्यांची होती तेव्हा गावात माय आली.

छप्पनच्या धर्मांतराला पाचेक वर्षं होऊन गेली होती. उन्हाळा लागला होता. आधी खालच्या आळीतलं एक पोरगं गेलं, मग त्याची बहीण, मग त्यांच्या शेजारची दोन. दारोदार निंबाचे डहाळे लागले. घरात फोडणी बंद, डोक्याला तेल बंद. माझी मुलगी टोचलेली नव्हती. नवऱ्याला मी दोनदा म्हटलं, अमरावतीला नेऊ. तो म्हणाला, "गावात माय असतानी बाहीर जाऊ नोको. तिले राग येते." माझा नवरा तसा वाईट नव्हता. पण डोकं तापलं की त्याच्या हातात काय आहे हे त्यालाही कळत नसे.

अशात एका दुपारी कोतवाल डफ वाजवत आला. कोतवाल म्हणजे बौद्धपुऱ्यात राहणारा साठीचा म्हातारा. तहसिलातून जो हुकूम येई तो शब्दाला शब्द ओरडून सांगायचा, पदरचं काही घालायचं नाही, अशी त्याची कामाची रीत होती. आम्ही बाया विहिरीवर होतो.

"ऐका हो ऐका! उद्या सकायी चावडीवर देवी काढणार हाये हो! समद्यायनं लेकरं घेऊन या हो!"

तो पुढे गेला. एका म्हातारीनं दोर हातात धरूनच मला विचारलं, "काय वं, देवी काढणार म्हंजे काय?" मला विचारलं, कारण शिकलेली मीच, आणि मायची खूण अंगावर असलेलीही मीच.

मला सरळ सांगता आलं असतं. टोचणार आहेत, दंडावर, पोरं वाचतील. दहा शब्दांचं काम होतं. पण मला आनंद झाला होता. माझ्या मुलीची टोचणी चालून दारात आली होती, आणि आनंद झाला की माझी जीभ वळवळते. मी म्हणाले, "म्हंजे काय! निंबाखालची देवी खांदून काढतीन आन् नेतीन अमरावतीले. तिच्यानंच दुखणं आलं ना? मंग टाकतीन तिले जेलात!"

"आन् लेकरं कायले बलावली वं?"

"जामीन राहाले!"

दोघीतिघी खदाखदा हसल्या. म्हातारी हसली नाही. तिनं घागर उचलली आणि भराभरा निघून गेली. तिच्या घरी एक नातू आधीच निंबाच्या पाल्यावर निजवलेला होता, हे मला माहीत होतं. तरी मी हसत हसत घरी आले.

दिवे लागायच्या आत माझी थट्टा गावभर फिरून माझ्याच चुलीपाशी आली. सासू धापा टाकत म्हणाली, "आयकलं काय? देवी खांदून नेऊन राहिले! लेकरायचं रगत काढून तिच्या जागी शिंपडतीन म्हंतात. जो येऊन राहिला ना, थो बी बौद्धायच्यातलाच हाये. सोताच्या घरचे देव त्यायनं नदीत टाकले, आता आपली काढून राहिले."

रक्त, शिंपडणं, नदी, हे माझं नव्हतं. ते वाटेत कुणी कुणी घातलं. नदीचं तेवढं खरं होतं. बौद्ध झाल्यावर त्या लोकांनी आपल्याच घरचे देव आपल्याच हातांनी विसर्जन केले होते. पण या सगळ्याचा बुंधा माझा होता, आणि मी तो ओळखला. मी म्हणाले, "अवो आत्याबाई, थे मी म्हटलं होतं. थट्टा केली मी. टोचाले येऊन राहिला थो माणूस."

सासूनं माझी हनुवटी धरली. "तू काय थट्टा करशीन?" ती म्हणाली. "तुह्या तोंडावर तिचे बोटं उमटले हायेत. तू बोलली थे तिनंच बोलवलं तुह्याकडून."

खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी थोडं बरंच वाटलं. आयुष्यभर ज्या तोंडाला लोक नाकं मुरडत आले, त्या तोंडाचा शब्द आज अख्खं गाव मानत होतं. उद्या टोचणीवाला आला की सगळ्यांना कळेलच, असं म्हणून मी भाकरी थापायला बसले. माझी लाज तिथून सुरू होते.

सकाळी मी मुलीला न्हाऊ घातलं आणि सगळ्यांच्या आधी चावडीवर गेले. टोचणीवाला पंचविशीचा असेल. पांढरा सदरा, टेबलावर पत्र्याची पेटी, स्पिरिटचा दिवा, काचेच्या बारीक नळ्यांत लस. मी अकोल्याची म्हटल्यावर तो हसला, तोही अकोल्याचाच निघाला. त्याची बहीण आमच्याच गावच्या बौद्धपुऱ्यात दिलेली होती, तिच्याकडेच तो उतरला होता. माझ्या तोंडाकडे त्यानं एकदाच पाहिलं आणि मुलीचा दंड पुसायला घेतला. दातेरी चकती दिव्यावर धरली, निववली. ती दंडावर ठेवून गर्रकन फिरवायची, की काम झालं.

चकती दंडापासून चार बोटांवर असेल तेवढ्यात माझे केस मागून ओढले गेले. मी मुलीला छातीशी धरून उताणी पडले. केस ओढणारा माझा नवरा होता. त्याच्या मागं सगळं गाव होतं. निंबाखाली जमून, देवीपुढं नारळ फोडून सगळे इकडे आले होते. हातांत काठ्या, बैलगाडीच्या उभाऱ्या, बायांच्या ओटीत दगड.

"देवी काढतो काय बे? काढ! काढ ना!"

तो माणूस उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हात वर केले. काही सांगायला तोंड उघडलं. नवऱ्यानं उभारी घातली ती त्याच्या उजव्या मनगटावर बसली. तो आवाज मला अजून ऐकू येतो. कपाशीची वाळलेली पऱ्हाटी पायाखाली मोडावी तसा. मग टेबल गेलं, दिवा गेला, नळ्या मातीत पडल्या आणि लोक वहाणांनी त्या चुरत राहिले. स्पिरिट भडकलं आणि त्याच्या सदऱ्याची बाही पेटली. कुणीतरी ती विझवायच्या निमित्तानं त्याला लाथांनी तुडवलं. ज्यांना मी रोज पाहत होते, ज्यांच्या घरी हळदीकुंकवाला जात होते, ती माणसं दात विचकून एका पडलेल्या माणसाच्या बरगड्या फोडत होती. विहिरीवरची ती म्हातारी पुढं आली, दोन्ही हातांनी दगड उचलला आणि त्याच्या कानशिलावर आपटला. ती ओरडत होती, "आमचे लेकरं जामीन ठेवतो? जामीन ठेवतो काय रे?"

माझा शब्द. जसाच्या तसा.

मी ओरडले, "अवो, थे मी म्हटलं होतं! मी!" त्या गलक्यात माझा आवाज माझ्याच मुलीला ऐकू गेला असेल तर असेल. कोतवाल मधे पडला तेव्हा त्यालाही दोन बसल्या, पण त्यानं अंग टाकलं त्या माणसावर, म्हणून टोचणीवाल्याचा जीव वाचला. बौद्धपुऱ्यातली माणसं धावत आली आणि त्याला खाटेवर घालून घेऊन गेली.

घरी आल्यावर नवऱ्यानं मला मारलं. मी त्याच्या हाताचा चावा घेतला, रक्त निघेपर्यंत. तोंडातलं रक्त थुंकून मी म्हणाले, "हिचं तोंड माह्यासारखं झालं तं तुले झोपेत चिरीन." त्यानं हाताला पटका गुंडाळला. तेवढ्यात कुणी हाळी दिली की पोलिसांत खबर गेली. तो तसाच मळ्याच्या वाटेनं पळाला, आणि धामणगावला मामाकडे जाऊन बसला.

तिसऱ्या प्रहरी मी मुलीला कडेवर घेऊन बौद्धपुऱ्यात गेले. आमच्या घरची बाई त्या बाजूला कधी गेली नव्हती. दारात टोचणीवाल्याची बहीण उभी होती. माझ्याच वयाची, कडेवर माझ्याच मुलीएवढी मुलगी. आत खाटेवर तो पडला होता. कान फाटलेला, मनगट फळीला बांधलेलं. अमरावतीला नेण्यासाठी बैलगाडी जुंपत होते.

"भाऊ, लस हाये काय?" मी विचारलं. दुसरं काही विचारायला हवं होतं, हे मला आता कळतं.

"मातीत हाये," बहीण म्हणाली. "जा, चाटून घे."

मी तिथंच खाली बसले. मुलगी रडत होती, मीही रडत होते. खाटेवरून तो हळूच बोलला. बहीण आठ दिवसांपूर्वी माहेरी अकोल्याला आली होती, तेव्हाच तिच्या मुलीला त्यानं टोचलं होतं. तिचा फोड आज पिकला होता. त्या फोडातलं पाणी माझ्या मुलीच्या दंडात भरलं तर तीच टोचणी होते, जुन्या काळी तसंच करत. "पण सरकारात मना हाये," तो म्हणाला. "सायबाले कयलं तं माही नोकरी गेली. आन् पोरगी माही नाही, हिची हाये."

बहिणीनं मला विचारलं, "माह्या भावाचा हात कोणं तोडला?"

"माह्या मालकानं."

"आन् हे जामिनाचं कोणं उठवलं?"

मी सांगितलं. सगळं, शब्दाला शब्द. ती ऐकून घेत होती. मग तिनं मुलगी खाली ठेवली आणि माझ्या तोंडात मारली. एकदा नाही, हात दुखेपर्यंत. मी हात वर केला नाही. आईनंतर माझ्या या तोंडाला एवढा वेळ कुणी हात लावला नव्हता.

दम खात ती म्हणाली, "विहिरीवर बोलली ना? मंग विहिरीवरच बोल. आमाले तं तथी येता येत नाही. समद्या बायांमंधी सांग की मी लबाड बोलली, आन् माह्या भावानं काही केलं नाही. सांगशीन?"

"सांगीन."

"लेकराच्या डोक्यावर हात ठेव."

मी ठेवला.

तिनं स्वतःच्या मुलीचं झबलं वर केलं. दंडावर मोत्याएवढा फोड, मधे खळी. टोचणीवाल्यानं गोधडी शिवायची सुई चिमणीवर धरायला लावली. उजवा हात मोडलेला, आणि डाव्या हातानं त्याला सुई नीट रोखता येत नव्हती. बहिणीनं त्याचं मनगट धरलं. आधी तिच्या मुलीच्या दंडात सुई गेली. ती किंचाळली. मग माझ्या मुलीच्या. तीही किंचाळली. ज्या लोकांचा पोहरा आम्ही आमच्या विहिरीला लागू देत नव्हतो, त्यांच्या लेकराच्या दंडातलं पाणी माझ्या लेकराच्या दंडात गेलं. मला त्या क्षणी विटाळ आठवला नाही, देवी आठवली नाही. सुई किती आत गेली एवढंच मी बघत होते. बैलगाडी आली आणि त्याला घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी मी विहिरीवर गेले. त्या म्हातारीचा नातू पहाटे गेला होता आणि बाया त्याच्यावरच बोलत होत्या. टोचणीवाल्यानं देवी बाटवली म्हणून पोरगं गेलं, असं सगळ्या म्हणत होत्या. मी घागर भरली आणि आले. आज नको, म्हातारीचं दुःख ताजं आहे, अशी मी मनाची समजूत घातली. तिसऱ्या दिवशी मला वाटलं, नवरा परत येऊ दे, मग सांगू. चौथ्या दिवशी मुलीचा दंड सुजला. मी तिला लांब बाह्यांचं झबलं घातलं. सासूला मोतीबिंदू होता, तिला सांगितलं गांधीलमाशी चावली. पाचव्या दिवशी मी विहिरीवर गेलेच नाही. गावात रोज कुणाचं ना कुणाचं लेकरू जात होतं, आणि ज्यांची जात होती ती माणसं अमरावतीला जाऊन टोचून घ्यायला तयार नव्हती. माझ्या एका वाक्यानं कदाचित दोनचार माणसं तरी टोचून घ्यायला गेली असती. माझी मुलगी वाचत होती, म्हणून मला गप्प बसणं सोपं जात होतं.

नवव्या दिवशी फौजदार शिपाई घेऊन आला. मी सासूला सांगून मुलीला कडेवर घेतलं आणि चावडीवर गेले. आज बोलायचंच, असं ठरवूनच गेले होते. चावडीपुढं सगळं गाव मुकं उभं होतं. मारलं कुणी, हे कुणालाच माहीत नव्हतं. फौजदारानं विचारलं, "ही आवई उठवली कोणी?"

मागून कुणी म्हणालं, "कोतवालानं. त्यानंच दवंडी देल्ली, देवी काढणार म्हणून."

"हो, कोतवालानंच!" मग सगळेच म्हणाले.

म्हातारा हात जोडून म्हणाला, "सायेब, हुकमात होतं थेच म्या बोललो." फौजदारानं त्याला ओट्यावर पालथं घातलं. शिपायानं पट्टा काढला. पहिल्या फटक्याला म्हातारा ओरडला, मग ओरडला नाही. सदरा फाटला, पाठीची कातडी उचलून आली. गर्दीच्या पलीकडे टोचणीवाल्याची बहीण उभी होती. ती कोतवालाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. तिला सगळं माहीत होतं. पण ती बोलली असती तर मी तिच्या घरी कधी आले, कशाला आले, हे सगळं निघालं असतं, आणि तिच्या भावाची नोकरी गेली असती. तिनं भावासाठी तोंड बंद ठेवलं होतं. माझ्या तोंडाला कुलूप लावणारं कुणीच नव्हतं.

कडेवर मुलगी तापानं फणफणली होती, तिचा फोड त्या दिवशी पिकला होता. झबल्याची बाही वर सरकली होती आणि तो फोड कुणालाही दिसला असता. मी पदर ओढून दंड झाकला. पट्टा पुन्हा वाजला. त्या बाईनं मान हलवली नाही, डोळे हलवले नाहीत, फक्त बघत राहिली. मी मागच्या मागं गर्दीतून निघाले आणि घरी आले.

सासू दारातच बसली होती. "काय झालं वं चावडीवर?" तिनं विचारलं.

"कोतवालानंच केलं समदं," मी म्हणाले.